बाळाचा पहिला महिना: गौलीगुड्यातल्या घरांसाठी

हैदराबादेतल्या गौलीगुड्याच्या कुठल्याही गल्लीतून उस्मानिया दवाखाना पायी जाण्याइतका जवळ आहे. कोठीच्या बाजूला सुलतान बाजारचा सरकारी बाळंतपणाचा दवाखाना, मुसीचा पूल ओलांडला की पेटलाबुर्जचा, आणि ऑटो केली की रेड हिल्सचं निलोफर. खासगी नर्सिंग होम वेगळीच. एवढं सगळं हाताशी असताना तान्हं मूल दगावतं, तेव्हा दवाखाना लांब होता असं म्हणायला जागा उरत नाही. अशा घरी बसून नीट विचारपूस केली की पुष्कळदा एकच हकीकत पुढे येते. बाळ आदल्या संध्याकाळपासून नीट ओढत नव्हतं, अंग थोडं गार लागत होतं, पण रडत नव्हतं म्हणून झोपलंय असं वाटलं. सकाळी बघू म्हणून रात्र काढली.

हा लेख त्या रात्रीसाठी आहे, आणि ती रात्र येऊ नये म्हणून आधीच्या वर्षभरात काय करायचं त्यासाठीही.

हजार जिवंत जन्मांमागे वर्षाच्या आत किती मुलं जातात, त्या आकड्याला अर्भक मृत्युदर म्हणतात. १९७१ मध्ये देशात तो १२९ होता. २०२३ मध्ये तो २५ वर आला. केरळात तर ५ वर. तेलंगणाचा आकडा २०२० मध्ये २१ होता. घट मोठी आहे, पण सगळ्या वयात सारखी नाही. गोवर, जुलाब, न्यूमोनिया यांनी जाणारी मोठी तान्ही लसींमुळे आणि ओआरएसमुळे बरीच वाचू लागली. नुकतीच जन्मलेली त्या मानाने कमी वाचली. २०२० मध्ये देशात हजारी २८ मुलं पहिल्या वर्षात गेली. त्यांतली २० पहिल्या २८ दिवसांतच गेली, आणि त्या वीसमधली १५ पहिल्या आठवड्यात. म्हणजे घरच्यांनी डोळ्यांत तेल घालून राहावं असा काळ फार लांबलचक नाही. एक महिना आहे, आणि त्यातला पहिला आठवडा सगळ्यांत जोखमीचा.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने तेलंगणाबद्दल दोन गोष्टी सांगितल्या, त्या शेजारी शेजारी ठेवून बघा. राज्यात ९७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात. जन्मानंतर तासाभरात आईचं दूध मात्र ३७ टक्क्यांच्या आसपासच मुलांना मिळतं. दवाखान्यात पोचणं आपल्याला जमलं आहे. तिथे पोचल्यावर आणि तिथून घरी आल्यावर काय करायचं, ते अजून घराघरांत नीट रुजलेलं नाही.

निलोफर दवाखान्याचं नाव आपल्या तोंडी रोज असतं. सातव्या निजामांचे धाकटे चिरंजीव मोअज्जम जाह यांच्या पत्नी, राजकन्या निलोफर यांच्याकडे काम करणारी रफत नावाची स्त्री १९४९ च्या सुमारास बाळंतपणात गेली. त्या धक्क्यानंतर निलोफर यांनी बायका-मुलांच्या दवाखान्याचा ध्यास घेतला आणि १९५३ मध्ये तो सुरू झाला. तेव्हाची उणीव दवाखान्याची होती. आजची उणीव कोणती, ते कळायला गडचिरोलीकडे बघावं लागतं.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने नव्वदच्या दशकात तिथल्या ३९ गावांत एक काम उभं केलं. जवळपास मोठा दवाखाना नाही, रस्ते धड नाहीत. त्यांनी गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्यदूत केलं. बाळाचं वजन करायचं, अंगाची ऊब बघायची, घड्याळ लावून श्वास मोजायचे, दूध नीट ओढतंय का ते आईजवळ बसून पाहायचं, आणि जंतुसंसर्गाची चिन्हं दिसली तर शिकवलेलं औषध द्यायचं. पहिल्या महिन्यातले मृत्यू हजारी ६२ वरून तिसऱ्या वर्षी २५ वर आले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने हे छापलं, आणि २०११ पासून देशभर आशाताईंच्या घरभेटी सुरू झाल्या त्या याच कामाच्या आधारावर. गडचिरोलीत मोठा दवाखाना जवळ नव्हता, पण बाळाकडे जाणत्या नजरेने बघणारी बाई घरात येत होती. गौलीगुड्यात दवाखाने आहेत. ती नजर प्रत्येक घरात हवी. ती शिकता येते, आणि शिकायला डॉक्टर असावं लागत नाही.

लग्नापासून सातव्या महिन्यापर्यंत

बाळाचं वजन बरंचसं ठरतं ते आईच्या अंगात रक्त किती आहे, तिचं वय काय आणि आधीचं मूल केवढं आहे यावर. तेलंगणात निम्म्याहून जास्त गरोदर बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे कमी, ७ च्या खाली म्हणजे धोका. लोहाच्या गोळ्या चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान १८० दिवस घ्यायच्या असतात. सरकारी दवाखान्यात आणि बस्ती दवाखान्यात त्या फुकट मिळतात, तरी पुष्कळ घरांत फडताळात पडून राहतात, कारण मळमळतं आणि शौचाला काळं होतं. काळं होणं ठीकच आहे, घाबरू नका. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्या, लिंबू-पाण्याबरोबर घ्या. चहाबरोबर किंवा चहानंतर लगेच घेतली तर गोळीतलं लोह अंगी लागत नाही, आणि आपल्या हैदराबादेत दिवसातून चार वेळा चहा होतो, म्हणून हे मुद्दाम सांगते. कॅल्शियमची गोळी लोहाच्या गोळीबरोबर घेऊ नका, दोन्हींत काही तासांचं अंतर ठेवा. मशेरी, तपकीर, गुटखा या दिवसांत पूर्ण बंद. घरातल्या पुरुषांनी बिडी-सिगारेट घराबाहेरही सोडली तर उत्तमच. घरात तर ओढूच नये.

दोन बाळंतपणांत अंतर हवं. मूल झाल्यावर निदान दोन वर्षं पुढच्या गरोदरपणाचा विचार करू नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आईचं शरीर भरून येण्याआधी दुसरं पोट राहिलं तर बाळ कमी दिवसांचं आणि कमी वजनाचं होण्याची शक्यता वाढते. वीस वर्षांच्या आतल्या मुलीचंही तेच. राज्यातल्या दर चार-पाच तरुण बायकांमागे एकीचं लग्न अठराच्या आत झालेलं आहे, आणि त्या मुली शेवटी आपल्याच घरांत सुना म्हणून येतात. लग्न होऊन वर्ष झालं, अजून काही नाही का, असं तिला विचारणं बंद करणं हाही बालमृत्यू रोखण्याचाच भाग आहे, असं मी मानते.

नात्यातल्या लग्नाबद्दल उघड बोलायला हवं. मामाच्या मुलीशी, आतेभावाशी लग्न ही मराठवाड्यातून आलेल्या घरांत जुनी रीत आहे, आणि आजूबाजूच्या तेलुगू समाजात तर मामा-भाचीचंही होतं. सख्ख्या आते-मामे भावंडांच्या लग्नातून झालेल्या मुलांत जन्मजात व्यंगाचा धोका इतरांच्या साधारण दुप्पट असतो. शंभरातली बहुसंख्य मुलं निरोगीच निघतात, त्यामुळे ‘आमच्याकडे कुणाला काही झालं नाही’ हे खरंही असतं आणि अपुरंही. लग्न झालेलं असेल तर दोष देत बसण्यात अर्थ नाही. डॉक्टरांना पहिल्याच भेटीत नातं सांगा, थॅलेसिमियाची तपासणी करून घ्या, आणि अठरा ते वीस आठवड्यांत होणारा, बाळाचे अवयव तपासणारा टिफ्फा स्कॅन चुकवू नका. घरात आधी एखादं मूल कारण न कळता गेलं असेल, तर तेही सांगा. पुढचं मूल ठरवण्याआधीपासूनच फॉलिक ॲसिडची गोळी सुरू करता आली तर बाळाच्या मणक्याचे-मेंदूचे काही दोष टळतात. पोट राहिल्याचं कळेपर्यंत ती वेळ बहुतेक निघून गेलेली असते.

डोकं फार दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, चेहरा-हात सुजणं, पोटाच्या वरच्या भागात कळ, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी होणं: यातलं काहीही झालं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. बाळाची हालचाल कमी झाली म्हणून रात्री दवाखान्यात जाणाऱ्या सुनेला ‘उगाच घाबरते’ म्हणू नये.

आता मुहूर्ताचं. तेलंगणात दहांतली सहा बाळंतपणं सिझरने होतात. खासगी दवाखान्यांत दहांतली आठ. गरज असेल तेव्हा सिझर जीव वाचवतं, त्याबद्दल शंका नाही. पण पंचांग बघून दिवस-वेळ ठरवून, ३९ आठवडे भरण्याआधी बाळ बाहेर काढलं, तर त्याची फुप्फुसं पुरती तयार झालेली नसू शकतात. अशी काही मुलं श्वासासाठी धडपडतात आणि काचेच्या पेटीत जातात. वैद्यकीय कारण नसताना तारीख पुढेमागे करण्याचा आग्रह घरच्यांनी धरू नये. डॉक्टर स्वतःहून लवकरची तारीख देत असतील तर कारण विचारावं. तो तुमचा हक्क आहे.

माहेरी जाताना

आपल्या मराठी लोकांच्या बाबतीत एक धोका असा आहे की तो कुठल्याच सरकारी फलकावर लिहिलेला नसतो. ओटी भरली की मुलगी माहेरी जाते. गौलीगुड्याची सून इमलीबनहून बसने किंवा काचीगुड्याहून रेल्वेने नांदेडला, परभणीला, उदगीरला जाते. तिकडची लेक बाळंतपणाला इकडे येते. रीत चांगली आहे. पहिलटकरणीला आईची माया आणि विसावा मिळतो, आणि तो तिला हवाच असतो. पण राज्य बदलतं, दवाखाना बदलतो, आणि सात महिन्यांची सगळी माहिती मागे राहते. रक्तगट कोणता, दाब कधी वाढला होता, साखरेची तपासणी झाली का, हे नव्या ठिकाणी कुणालाच माहीत नसतं. इथलं माता-बाल कार्ड तेलुगूत छापलेलं असतं. नांदेडच्या नर्सबाईंनी ते कसं वाचायचं? आणि इथली आशाताई दारावर येते तेव्हा बाळ-बाळंतीण गावाला गेलेली असतात, तर तिथल्या आशाच्या वहीत तिचं नावच नसतं.

म्हणून माहेरी पाठवायचं ते आठव्या महिन्यात घाईघाईने नको, सातव्यात पाठवा. दोन्हीकडचे डॉक्टर आधीच ठरवा. एका कोऱ्या कागदावर इंग्रजी आकड्यांत प्रसूतीची तारीख, रक्तगट, हिमोग्लोबिनचे आकडे तारखांसह, रक्तदाब, साखर, एचआयव्ही व कावीळ-बीच्या तपासण्या, धनुर्वाताच्या इंजेक्शनच्या तारखा, चालू औषधं आणि सरकारी नोंदणीचा आरसीएच क्रमांक लिहून घ्या. त्या कागदाचा, कार्डाचा आणि सोनोग्राफीच्या सगळ्या अहवालांचा फोटो नवऱ्याच्या, आईच्या आणि तिच्या स्वतःच्या फोनमध्ये ठेवा. माहेरी पोचल्यावर पहिल्या आठवड्यातच तिथल्या आशाताईला किंवा नर्सबाईला गाठून नाव नोंदवा. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांचं नाव तर गौलीगुड्यातही पुष्कळदा सुटतं. त्यांनी स्वतः जाऊन सांगावं, कुणी विचारायला येईल म्हणून थांबू नये.

ज्यांच्याकडे दाब, जुळं, आधीचं सिझर, आधी गेलेलं मूल, रक्ताची कमतरता असं काही आहे, त्यांनी मोठा दवाखाना आणि आजारी नवजात बाळांचा कक्ष जवळ असेल त्याच गावी बाळंत व्हावं. माहेरचा हट्ट इथे सोडावा. आईने लेकीकडे यावं.

सरकारी दवाखान्यात सामान्य बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण आणि ने-आण विनामूल्य आहे. २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात वर्षापर्यंतच्या आजारी बाळालाही हे लागू आहे. राज्याच्या इतर योजनांची नावं आणि रकमा सरकारागणिक बदलतात. सध्या काय चालू आहे ते अंगणवाडीत विचारा. १०८ आणि १०२ हे दोन नंबर भिंतीवर ठळक लिहून ठेवा.

पहिला तास, पहिली रात्र

बाळ बाहेर आलं, रडलं, की त्याला कोरडं करून आईच्या उघड्या छातीवर ठेवायचं आणि तासाभरात पाजायला घ्यायचं. पहिले दोन-तीन दिवस येणारं घट्ट पिवळसर दूध, ज्याला आपण चीक म्हणतो, ते चमचा-दोन चमचेच येतं आणि बाळाला तेवढंच लागतं. ‘दूध उतरलं नाही’ म्हणून वरचं दूध, मध, साखरेचं पाणी, घुटी काहीही देऊ नका. मधातून तान्ह्याला अंग लुळं पाडणारा आजार होऊ शकतो. वर्षाच्या आत मध नकोच. सिझर झालं असलं तरी कमरेत इंजेक्शन देऊन केलेल्या सिझरनंतर आई शुद्धीवर असते, आडव्यानेच पाजू शकते. खोलीबाहेर बसलेल्या आजीने किंवा मावशीने नर्सला एवढंच म्हणावं: बाळाला आईजवळ द्या, आम्ही धरून ठेवतो. राज्यात तासाभरात दूध मिळणाऱ्या मुलांचा टक्का वाढवायला हे एक वाक्य पुष्कळ उपयोगी पडेल.

पुढे सहा महिने फक्त आईचं दूध. पाणीसुद्धा नाही, मे महिन्यातल्या हैदराबादच्या उन्हाळ्यातही नाही. दिवस-रात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजायचं. चौथ्या-पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा वेळा तरी लंगोट ओला झाला, तर दूध पुरतंय. पहिल्या दिवसांत वजन थोडं उतरतं, दोन आठवड्यांत भरून यायला हवं. ते काट्यावरच कळतं, नजरेने नाही.

सामान्य बाळंतपणानंतरही निदान ४८ तास दवाखान्यात राहा. घरी जायची घाई करू नका. निघण्याआधी बाळाला बीसीजी, पोलिओ आणि कावीळ-बीची लस मिळाली का ते विचारा, आणि वजन लिहून घ्या.

अंघोळ चोवीस तास नको. बाळ अडीच किलोपेक्षा कमी असेल तर डॉक्टर सांगेपर्यंत नुसतं पुसून घ्या. नाळेला तेल, हळद, राख, कुंकू काही लावू नका; कोरडी ठेवली की ती आपोआप पडते. मालीश करायला हरकत नाही, पण हलक्या हाताने. नाकात-कानात तेल सोडू नका. नाकात सोडलेलं तेल फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. नाक फुंकून साफ करणं, छाती दाबून ‘दूध काढणं’ हेही नको. काजळ नको. आणि धुरी: बंद खोलीत शेगडीवर ओवा-शेपा-धूप टाकून बाळ-बाळंतिणीला शेक देतात, त्या धुराने नव्या फुप्फुसांना इजा होते. कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवणं तर जिवावर बेतू शकतं. शेकच द्यायचा असेल तर गरम पाण्याच्या पिशवीने आईच्या कमरेला द्या. डासांच्या उदबत्तीपेक्षा मच्छरदाणी बरी. मुसीच्या काठी डास बारा महिने असतात.

ऊब बघायची खूण साधी आहे. हाताच्या मागच्या बाजूने आधी बाळाचं पोट, मग तळपाय बघा. दोन्ही कोमट असतील तर ठीक. पोट कोमट आणि तळवे गार लागले तर बाळाला थंडी वाजतेय, लगेच छातीशी घ्या. पोटही गार लागलं तर दवाखाना.

कमी वजनाच्या बाळाला छातीशी बांधून ठेवणं हे या सगळ्यात सर्वांत मोलाचं. बाळाला फक्त टोपी, लंगोट आणि पायमोजे. आईने समोर उघडणारा सैल ब्लाऊज किंवा सदरा घालावा. बाळ दोन स्तनांच्या मधोमध उभं, बेडकासारखे पाय दुमडून, मान एका बाजूला वळवलेली, नाक मोकळं. वरून मऊ जुनी सुती साडी चारपदरी करून पाठीमागे गाठ मारा, इतकी घट्ट की बाळ घसरणार नाही आणि इतकी सैल की त्याचं पोट श्वासाबरोबर हलेल. दिवसातले जितके जास्त तास होतील तितके. आई थकली की वडिलांनी, आजीने बांधून घ्यायचं. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जन्मल्याबरोबर असं छातीशी धरलेल्या कमी वजनाच्या मुलांतले मृत्यू पेटीत ठेवून नंतर छातीशी दिलेल्यांपेक्षा चतुर्थांशाने कमी भरले. वडिलांची छाती यासाठी अगदी योग्य आहे, आणि लाजण्यासारखं त्यात काही नाही.

बाळाला उताणं झोपवा, कडक गादीवर. उशी, जाड दुलई, सरकी-मोहरीच्या मऊ गिरद्या तोंडाजवळ नकोत. बारशाला मोठी गर्दी करायची असेल तर बाळ महिन्याचं होऊ द्या. खोकला-सर्दी असलेल्यांनी जवळ जाऊ नये. घरात कुणी दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकत असेल तर त्याची क्षयाची तपासणी आधी. आणि बाळाला घेण्याआधी प्रत्येकाने साबणाने हात धुवायचे, आजोबांनीही.

कधी उठायचं

पाचवीच्या रात्री दिवा तेवत ठेवून जागायची आपली रीत आहे. पूर्वी धनुर्वाताने पुष्कळ मुलं याच दिवसांत जात; गरोदरपणातल्या इंजेक्शनांनी आणि स्वच्छ पात्याने नाळ कापल्याने तो आजार आटोक्यात आला. जागण्यामागचं भान मात्र बरोबर होतं. ते एका रात्रीपुरतं ठेवू नका, महिनाभर ठेवा. रात्री प्रत्येक पाजण्याच्या वेळी दिवा लावून बाळ नीट बघायचं.

दूध ओढणं कमी झालं किंवा थांबलं, तर ते सगळ्यांत महत्त्वाचं लक्षण. आधी नीट पिणारं बाळ दोन पाजण्यांना तोंडच लावत नसेल, तर तिसरी वेळ बघत बसू नका. हलवल्याशिवाय हात-पाय हलवत नाही, लुळं पडलंय, झटके येतात, डोळे फिरवतं, अंग तापलंय म्हणजे काखेत ९९.५ फॅरनहाइटच्या वर किंवा गार पडलंय म्हणजे ९६ च्या खाली, हिरवी उलटी, नाळेभोवती लाली पसरतेय, अंगावर पुवाचे फोड, पहिल्या दिवशीच कावीळ किंवा नंतर तळहात-तळपाय पिवळे: यातलं एकही दिसलं तर त्याच वेळी निघायचं. तान्ह्याला जंतुसंसर्ग झाला तर पुष्कळदा तापच येत नाही, अंग उलट गार पडतं. बाळ शांत आहे म्हणून बरं आहे असं समजू नका.

श्वास मोजायला शिका. बाळ शांत किंवा झोपलेलं असताना झबलं वर करा, पोटाकडे बघा. पोट वर येऊन खाली गेलं की एक. सेकंदकाटा असलेलं घड्याळ किंवा फोन शेजारी ठेवा आणि पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, तान्ह्याचा श्वास मध्येच थांबतो आणि परत जोरात चालतो, त्यामुळे हिशेब चुकतो. साठ किंवा जास्त आले तर थोड्या वेळाने पुन्हा मोजा. पुन्हा साठ किंवा वर आले, किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतोय, नाकपुड्या फुलताहेत, कण्हल्यासारखा आवाज येतोय, तर दवाखाना. दोन महिन्यांनंतरच्या बाळासाठी हा आकडा पन्नास. आजच, बाळ चांगलं असताना, दोन-तीनदा मोजून बघा. नेहमीचा आकडा माहीत असला की वाढलेला ओळखू येतो.

निघताना बाळाला आईच्या छातीशी, वर पदर घालून न्या. वाटेत पाजता आलं तर पाजा. कागद घ्या. सोबत पैसे नाहीत म्हणून थांबू नका. आणि मधल्या मध्ये दृष्ट काढायला, ताईत बांधायला कुणाकडे जायचं असेल तर ते परत आल्यावर.

निर्णय कोण घेणार, हे आधी ठरलेलं असलं पाहिजे. पुष्कळ घरांत आईला आतून कळलेलं असतं, पण नवरा बेगम बाजारात दुकानावर किंवा रात्रपाळीला, सासरे झोपलेले, आणि एकटीने ऑटो बोलावून जायची तिला मुभा नाही. बाळंतपणाआधीच घरातल्या सगळ्यांसमोर बोलून ठेवा: बाळासाठी आईला शंका आली तर कुणालाही न विचारता निघायचं. शेजारची कोण सोबत जाईल, तेही ठरवा.

मुलगी असेल तर हे आणखी जपून. निसर्गतः पहिल्या महिन्यात मुलांपेक्षा मुली जास्त तग धरतात. तरी २०२० मध्ये देशात वर्षाच्या आत जाणाऱ्या मुलामुलींचा दर सारखाच होता, हजारी २८. मुलींचा तो मुलांपेक्षा कमी असायला हवा होता. जो फरक दिसायला हवा होता आणि दिसला नाही, तो कुणीतरी ‘उद्या बघू’ म्हटल्याने पुसला गेला, असं मला वाटतं.

महिना उलटल्यावर

आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी यायला हव्यात. नाही आल्या तर बोलावून घ्या आणि वजन करायला लावा. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या लसी वेळेवर, नवव्या महिन्यात गोवर-रुबेला. लसीनंतर थोडा ताप आला म्हणून पुढची चुकवू नका.

सहा महिने झाले की वरचं खाणं सुरू करा आणि ते घट्ट असू द्या: डाळ-भात कुस्करून वर तूप, नाचणीची खीर, उकडलेलं अंडं, केळं. वरणाच्या नुसत्या पाण्याने पोट भरतं, वजन वाढत नाही. याच वयात बाहेरचं पाणी पोटात जाऊ लागतं. जुन्या वस्तीत पाण्याची आणि सांडपाण्याची नळी शेजारून जाते, पावसाळ्यात पाण्याला वास येतो. बाळाचं पाणी उकळूनच. जुलाब झाले तर आईचं दूध चालू ठेवून ओआरएस द्या; मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात, अर्धं-पाव नाही. झिंक चौदा दिवस: सहा महिन्यांच्या आत रोज १० मिलिग्रॅम, पुढे २०. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला जुलाब झाले तर घरी काही न करता दवाखाना.

मूल गेलं असेल तर

ज्या घरात हे झालं आहे, त्यांच्यासाठीही लिहायला हवं, कारण पुढचं मूल त्याच घरात यायचं असतं. आईला दोष देऊ नका. तिच्या पायगुणाचं, खाण्याचं, बाहेर पडण्याचं कुणी काही बोललं तर नवऱ्याने तिथेच थांबवावं. तिला दूध येत राहील, छाती दुखेल, ताप येऊ शकेल. त्यासाठी डॉक्टरांना दाखवा. ती आठवड्यांनंतरही झोपत नसेल, जेवत नसेल, गप्प झाली असेल तर तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत.

दवाखान्यातून कागद मागून घ्या: वजन किती होतं, किती आठवड्यांचं होतं, मृत्यूचं कारण काय लिहिलंय. नोंद २१ दिवसांच्या आत महापालिकेत करा. मृत जन्मलेल्या बाळाचीही नोंद होते. नोंद नसलेलं मूल कुठल्याच आकड्यात येत नाही, आणि मग कुठल्या वस्तीत काय कमी पडतंय ते कुणाला दिसतही नाही. कारण जन्मजात किंवा आनुवंशिक असण्याची शंका असेल तर पुढच्या गरोदरपणाआधी दोघांनी तपासणी करून घ्यावी, आणि पुढच्या वेळी पहिल्याच भेटीला, पोट दिसायच्या आधी, ती जुनी फाईल घेऊन जावं.